फी कमी, घरापासून जवळ

घर सोडलं त्या दिवशी निपाणीच्या स्टँडवर दगडफेक चालू होती. मी मैसूरला सरकारी नोकरीवर हजर व्हायला निघाले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत आईनं बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. कर्नाटकची बस गेटातून बाहेर वळली आणि पुढची काच खळ्ळकन फुटली. ड्रायव्हरच्या कपाळातून रक्त आलं. कंडक्टर कन्नडमध्ये ओरडला तसे सगळे सीटखाली वाकले. मी वाकले नाही, कारण समोरच्या घोळक्यात मला आप्पा दिसले. माझे वडील. गळ्यात भगवं उपरणं, हात खाली, मूठ आवळलेली. त्या मुठीत धोंडा होता का, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. ड्रायव्हरनं डोक्याला टॉवेल बांधला आणि बस तशीच फुटक्या काचेनं संकेश्वरपर्यंत नेली. वाऱ्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी रडतेय असं समजून शेजारच्या बाईनं मला एक केळं दिलं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे गावाकडून येणारे फोन. बारावी झाली, म्हणजे आमच्याकडची पीयूसी झाली, की आयाबाया आणि त्यांचे नवरे मला विचारतात, पोरीला कुठल्या कॉलेजात घालावं? मी गावातली सरकारी पगार घेणारी पहिली मुलगी, म्हणून माझा शब्द मोठा. कित्येक वर्षं मी एकच उत्तर दिलं: सरकारी कॉलेज घ्या, फी कमी, घरापासून जवळ, पुढं नोकरीची आशा. ते उत्तर मी आता देत नाही.

आप्पा तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. मराठीचा अभिमान त्यांच्या हाडीमासी भिनलेला. एक नोव्हेंबरला, सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या काळ्या दिवसाला, दंडाला काळी फीत बांधून मोर्चात सगळ्यात पुढं. तरुणपणी लाठ्या खाल्लेल्या, त्याचे वण पाहुणे आले की सदरा वर करून दाखवायचे. लोक लग्नाचे फोटो दाखवतात, तसे. गावापासून चालत जाता येईल एवढ्यावर कर्नाटक सरकारचं डिग्री कॉलेज होतं. मोजक्या खोल्या, पत्र्याचं सायकल स्टँड, वर कन्नड पाटी. मुलींना फी जवळजवळ नव्हतीच. पण आप्पांच्या लेखी ती शत्रूची छावणी. त्यांना मला हद्दीपलीकडं, कोल्हापूरकडच्या खाजगी कॉलेजात घालायचं होतं. 'आपल्या भाषेत शीक, मान ताठ ठेवून शीक.' दारातलं फुकटचं सोडून पलीकडचं विकत घ्यायचं, ही चूक आमच्याच भागातली माणसं करू जाणोत. पलीकडं शिकलेल्याला पलीकडं म्हणायचे, तुम्ही कर्नाटकचे. अलीकडं म्हणायचे, कन्नड येत नाही, मग सरकारी नोकरी कसली? धड ना इकडचा, धड ना तिकडचा.

मी आईला घेऊन गुपचूप सरकारी कॉलेजात नाव घातलं. वखारीत कुणीतरी आप्पांना चिडवलं, 'मुकादम, पोरगी कन्नडात गेली म्हणं.' ते पायताण न काढताच घरात आले आणि माझ्या डाव्या कानाखाली अशी दिली की मी कळशीवर जाऊन आदळले. आई मध्ये पडली, तिला लाथा बसल्या. माझा धाकटा भाऊ दिलीप ज्वारीच्या पोत्यामागं लपला होता. त्याचे नुसते पाय दिसत होते. माझ्या कानात बरेच दिवस शिट्टी वाजत राहिली. शिट्टी थांबली तेव्हा त्या कानाचं ऐकणंही थांबलेलं होतं. आई कोमट तेल कानात सोडायची आणि म्हणायची, 'मार खा, पर कॉलेज सोडू नगंस. मार इसरतोय, शिकल्यालं इसरत न्हाय.' आईचं हे एक म्हणणं खोटं निघालं. शिकलेलं मी बरंच विसरले.

पदवी होईपर्यंत त्या कॉलेजची फी मी अशीच भरली. कन्नडचं पुस्तक चुलीत गेलं, त्याबद्दल रडले म्हणून पुन्हा मार. पाठ करताना ओठ हलले म्हणून मार. बाहेरही वेगळं नव्हतं. गेटावर पोरांचे दोन गट, एक मराठी, एक कन्नड; सायकलच्या चेनी घेऊन एकमेकांची डोकी फोडायचे आणि मग कॉलेज बंद. एकदा एका पोराचे दात माझ्या चपलेसमोर पडले. तो वाकून ते शोधत होता आणि मला म्हणाला, 'आक्का, जरा पाय बाजूला घे.'

कॉलेज तरी कसलं? अकाउंटन्सीला अर्धं वर्ष शिक्षकच नव्हता. लायब्ररीच्या कपाटाला कुलूप, किल्ली कुणाकडं ते कुणालाच ठाऊक नाही. पण कन्नडच्या मॅडम धारवाडच्या होत्या आणि हट्टी होत्या. माझा एक कान गेलाय हे त्यांनी न विचारता ओळखलं. त्या मला पहिल्या बाकावर बसवून माझ्या उजव्या बाजूला उभ्या राहायच्या आणि वाक्य चुकलं की पुन्हा म्हणायला लावायच्या. आवाज चढवायच्या, हात कधी नाही. त्यांच्या त्या कन्नडवर मी परीक्षा दिली आणि कारकुनाची जागा मिळवली. माझ्याबरोबरच्या बहुतेक मुलींची शेवटच्या वर्षाआधीच लग्नं झाली. पोरं दुकानात लागली, कुणी रिक्षा घेतली. तेव्हा माझ्याकडं बोट दाखवून कॉलेजला मार्क देऊ नका. शंभरातला एक आंबा गोड निघाला म्हणून कुणी पाटी विकत घेत नाही.

दिलीपला आप्पांनी जागेचा तुकडा विकून हद्दीपलीकडं खाजगी इंजिनिअरिंगला घातलं. आज तो कागलच्या एमआयडीसीत कंत्राटावर आहे. पगार माझ्यापेक्षा कमी, आणि तोही कंत्राट असेल तोवर. माणसं लगेच म्हणतात, बघा, महाग शिकला आणि कमी कमावतो. खरं आहे. पण तो रोज घरी जेवतो. आई गेली तेव्हा तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. मी मैसूरहून पोहोचले तोवर चिता पेटलेली होती. कॉलेजचा नफातोटा काढताना हे कुणी धरत नाही, मीही धरलं नव्हतं.

मैसूरचं म्हणाल तर इथं मला पहिल्यांदा समजलं की दार मोठ्यानं वाजलं तरी ते नुसतं वाऱ्यानं असू शकतं. घरमालकीण रोज विचारते, 'ऊटा आयता?' म्हणजे जेवण झालं का? आधी मला वाटायचं, हिला कशाला चौकशी? आता तिनं नाही विचारलं तर मला चुकल्यासारखं होतं. नाचणीचे गोळे न चावता गिळायला शिकले. ऑफिसात माझं कन्नड ऐकून 'तुम्ही बेळगावकडच्या ना?' म्हणतात. आमचं कन्नड त्यांना आडदांड वाटतं. लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्यांनी मघाचा कळशीचा प्रसंग पुन्हा वाचावा. आणि एवढं सगळं असूनही सणासुदीला घराची आठवण येऊन जीव कासावीस व्हायचा. तांबड्या रश्श्याचा वास, वखारीकडून येणारी तंबाखूची नाकाला झोंबणारी खाट, आईची हाक. मार विसरत नाही, पण लांबून त्याचा आवाज येत नाही, एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात दिलीपचा फोन आला. 'आक्का, सानिकाची पीयूसी झाली. तू ये आणि तूच ठरव.' सानिका त्याची मुलगी. मी रजा काढून गेले. आप्पा आता काठीवर आले आहेत. बाहेरच्या सोप्यात बसून त्यांनीच आधी निकाल दिला, 'आपल्या सरकारी कॉलेजातच घाला. फी न्हाय, घरापासनं जवळ, पोरगी नजरंम्होरं ऱ्हाती.' मला हसू फुटलं. ज्या कॉलेजपायी माझा कान गेला, ते आता 'आपलं' झालं होतं. मीही मान डोलावली. सगळ्यांचं एकमत, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

फक्त सानिकाला कुणी विचारलं नव्हतं. मी तिला विचारलं, 'तुझं काय गं?' ती माझ्याकडं बघून म्हणाली, 'आत्या, मला बेळगावला जायाचं हाय. तितलं बी सरकारीच हाय. मुलींचं होस्टेल हाय.'

'दारात कॉलेज असताना बेळगाव कशाला?' दिलीप म्हणाला.

'हितं ऱ्हायाचं न्हाय मला.'

दिलीप उठला आणि त्यानं तिच्या डाव्या कानाखाली दिली. तीच बाजू, तोच हात वरून तिरका आणायची पद्धत. पोत्यामागं लपणारा माझा भाऊ. पोरगी भिंतीवर आपटली, पण ओरडली नाही. तिनं दोन्ही हात डोक्यावर असे सरावानं घेतले की मला कळलं, हे पहिलं नाही. दिलीपची बायको आप्पांच्या औषधाचं पाणी घेऊन दारात उभी होती, ती तिथंच उभी राहिली. दिलीपनं पुन्हा हात उगारला आणि मी मध्ये गेले. 'तू मधी पडू नगंस आक्का,' तो म्हणाला आणि मला ढकललं. मग मी त्याच्या तोंडात मारली. सगळ्या ताकदीनं. त्याचा ओठ फुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसावर हात टाकला. तळहात झणझणला आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला जी भीती वाटली, ती आप्पांच्या हाताचीही कधी वाटली नव्हती.

आप्पा काठी आपटत म्हणाले, 'तू गेलीस तशी ही बी जाईल. परत कोण येतंय?' रागानं नाही, थकून म्हणाले. आणि दिलीप फुटक्या ओठानं लहान पोरासारखा रडायला लागला, 'सगळी जात्यात, मीच एकटा हितं ऱ्हातो.' मला त्याची दया आली. त्या दोघांचीही आली. पण दयेपोटी पोरगी तिथं ठेवायची नसते.

भिंतीला टेकून बसलेल्या सानिकाकडं बघताना मला माझाच राग आला. इतकी वर्षं मी फोनवर फी सांगत होते, अंतर सांगत होते, पुढचा पगार सांगत होते. कॉलेज सुटल्यावर पोरगी कुठल्या घरात जाते, हे मी एकीलाही विचारलं नाही. घरापासून जवळ. कुठल्या घरापासून? सानिकासाठी ते कॉलेज जितकं जवळ, तितकं महाग होतं.

'बॅग भर,' मी तिला म्हणाले. 'बेळगाव नको, मैसूरला चल. तिथं बी सरकारी कॉलेज हाय.' दिलीपनं अडवलं नाही. त्याची बायको पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली आणि तिनंच कपड्यांच्या घड्या घातल्या. निघताना तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता फोन आला की मी आधी विचारते, घरात पोरीला मारता का? बरेच जण फोन ठेवतात. काही जण म्हणतात, 'थोडं तर लागतंयच की हो.' त्यांना मी लांबचं कॉलेज सांगते, होस्टेल असलेलं. थोडं कर्ज झालं तरी चालेल म्हणते. जे खरंच मारत नाहीत त्यांना जुनंच उत्तर देते. कॉलेज तसं वाईट नाही.

दिलीप अधूनमधून फोन करतो. सानिका बोलते, कधी बोलत नाही. मी जबरदस्ती करत नाही. गाव मला अजून आठवतं, पण आता आठवताना मी 'घर' म्हणत नाही, 'गाव' म्हणते. पहिल्या महिन्यात सानिकाकडून काहीही सांडलं की तिचे हात आपोआप डोक्यावर जायचे. मी लांब उभी राहायचे, जवळ गेले तर ती आणखी आक्रसायची. परवा मी ऑफिसातून आले तर ती गॅसपाशी मोबाइल बघत उभी आणि दूध उतू जाऊन ओटाभर पसरलेलं. मी दारातच थांबले. तिनं वळून बघितलं, फडकं घेतलं, ओटा पुसायला लागली आणि पाठमोरीच म्हणाली, 'आत्या, आज कोरा च्या हाय. आलं घालू का?'