पुढच्या वर्षी येणारी गाडी

नांदेडला लातूर रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये मी गाड्या विकायचे. आमची कंपनी मोठी, पण निव्वळ बॅटरीवर चालणारी गाडी काढायला तयार नव्हती. हायब्रीड विका, लोकांना चार्जिंगची भीती घाला, असं वरून यायचं. गिऱ्हाईक हट्टालाच पेटलं तर मॅनेजर सांगत, "पुढच्या वर्षी येतीय."

या शब्दावर नायगावचे दोन भाऊ थांबले होते. दोघांची मिळून एक टॅक्सी होती. धाकटा म्हणे, दुसऱ्या कंपनीची बॅटरीची घेऊ. थोरल्याचा जीव आमच्याच कंपनीवर.

त्या दुपारी ते आले तेव्हा मॅनेजर जागेवर नव्हते. थोरल्यानं मला विचारलं, "ताई, खरं सांगा. येनार हाय का न्हाई?"

सकाळच्याच बैठकीत वरच्या साहेबांनी सगळं स्पष्ट केलं होतं. मी म्हणाले, "सध्या तरी नाही, दादा."

धाकटा हसला. "कंपनी कंपनी करत बसला! येड्यात काढलं ना तुला?"

थोरल्यानं त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. धाकट्यानं त्याची गचांडी धरून त्याला नव्या गाडीच्या बॉनेटवर आपटलं. थोरला उठला तो गाडीभोवतीच्या दोरीचा स्टीलचा खांब उचलूनच. "दादा, सोडा!" म्हणत मी मधे शिरले. पहिला घाव माझ्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं मला ऐकूच आलं. दुसऱ्यानं धाकट्याची भुवई फुटली. तो पडला तरी थोरला मारतच होता. वॉचमननं त्याला मागून कवेत धरलं तेव्हा कुठं खांब सुटला.

मॅनेजर धावत आले आणि आधी बॉनेटवरून हात फिरवू लागले.

"सर, माणूस पडलाय!" मी किंचाळले.

धाकट्याचा डोळा वाचला, नजर मात्र अधू झाली. त्यानं भावाविरुद्ध तक्रार दिली नाही. मी दिली. पोलीस थोरल्याला घेऊन निघाले तेव्हा तो माझ्यासमोर थांबला. "तुमचं काय बी चुकलं न्हाई, ताई," म्हणाला. मला त्याची दया आली नाही. हात ठणकत होता.

मी ती नोकरी सोडली. कंपनी अजून हायब्रीडच विकते. धाकट्यानं दुसरीकडून बॅटरीची गाडी घेतली, पण ती पगारी ड्रायव्हर चालवतो. परवा मी त्याच गाडीनं बिलोलीला गेले, तेव्हा तो ड्रायव्हरशेजारच्या सीटवर होता. मी भावाचं विचारलं.

"बोलत न्हाई आमी," तो म्हणाला. "त्याच्या पोरीला कॉलेजला सोडाया मातर हीच गाडी जाती."