दुबे सरांचा दुधी

दगड फोडून अवजार करायला बसलं की अवजार निघतं एक आणि कपच्या उरतात टोपलीभर. आमच्या उज्जैनच्या कॉलेजातल्या पुरातत्त्वाच्या लॅबमध्ये किश्श्यांचंही तेच! काम थोडं, किस्से टोपलीभर.

काम असं. लॅबच्या मॅडम आदिमानवासारखी दगडी पाती बनवायच्या. मी, त्यांचा मदतनीस, ती वापरायचो. कधी लाकडावर, कधी चामड्यावर, कधी हाडावर, कधी भोपळ्यावर. मग धारेवर कशाची कशी चमक चढते ते मॅडम मायक्रोस्कोपखाली बघायच्या. ते कळलं की जमिनीत सापडलेल्या पात्यानं खऱ्या आदिमानवानं काय कापलं होतं, ते ओळखता येतं. मी नववीत शाळा सोडलेली, चारचौघांत बोलायची लाज. दगडांना बोलावं लागत नाही, त्यामुळे आमचं जमलं.

मायक्रोस्कोप परदेशी होता. आयात मोकळी झाल्यावर कॉलेजात आलेली पहिलीच मोठी वस्तू! शेजारच्या बॉटनीच्या दुबे सरांचा त्याच्यावर डोळा. तो गेला की मॅडमचं काम बंद, आणि माझी नोकरीही.

*

हाडं आणायला मॅडम आणि मी देवास गेटजवळच्या खाटकाकडे जायचो. मटण नको, फक्त हाडं. एकदा त्यानं विचारलंच, "मैडम, कुत्ता पाला है क्या?"

"नहीं भैया, रिसर्च है."

"अच्छा नाम रखा है!"

*

एकदा दगडांचं पोतं घेऊन बसमधून उतरलो, तर स्टँडवर हवालदारानं धरलं.

"इसमें क्या है?"

"पत्थर."

"काहे के लिए?"

"काटने के लिए."

"किसको काटेगा बे?"

मी घाबरून खरं तेच सांगितलं. "कद्दू को, साहब."

हवालदारानं मला पंख्याखाली बसवलं, पाणी पाजलं आणि अगदी मायेनं विचारलं, "घर में कोई है बेटा?"

*

फ्रीगंजहून एक मंडळी माझ्यासाठी स्थळ घेऊन आली. बाबांनी रुबाबात सांगितलं, "मुलगा कॉलेजात रिसर्चला असतो."

"अरे वा! कशावर?" मुलीच्या मामांनी मलाच विचारलं.

मी मान खाली घालून म्हणालो, "सध्या बकऱ्याच्या कातड्यावर."

चहा अर्धाच राहिला. आई पोह्यांच्या बशा उचलता उचलता म्हणाली, "अरे, भोपळ्यावर आहे म्हणायचंस ना!"

*

मायक्रोस्कोपवरून दुबे सरांच्या तक्रारी थांबेनात. शेवटी प्रिन्सिपॉल साहेबांनी तोडगा काढला. मॅडमनी पाच नवी पाती दुबे सरांना द्यायची. सरांनी ती घरी वापरून, धुऊन परत आणायची. कशावर वापरली ते मॅडमनी ओळखायचं. पाचही बरोबर आली तर मायक्रोस्कोप इथेच. एक जरी चुकलं तर बॉटनीत!

दुबे सर म्हणजे कडक सोवळं. कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. आमच्या लॅबवरून जाताना नाकाला रुमाल.

ठरल्या दिवशी सगळा स्टाफ जमला. मॅडमनी पहिलं पातं भिंगाखाली धरलं. "बांबू."

"ठीक," दुबे सर म्हणाले.

"घास."

"ठीक."

"सूखा चमड़ा."

"पुरानी चप्पल थी. ठीक."

"लकड़ी."

"ठीक है, ठीक है. आगे!"

पाचव्याला मॅडमनी बराच वेळ लावला.

"हड्डी," मॅडम म्हणाल्या. "ताज़ी. मांस के साथ."

सगळ्यांच्या माना दुबे सरांकडे वळल्या. सर लालबुंद. "लौकी थी! हमारे घर की लौकी!" म्हणजे दुधी.

"फिर तो मैडम, गलत हो गया," प्रिन्सिपॉल साहेब हळहळले. बॉटनीच्या शिपायानं मायक्रोस्कोपला हातही घातला.

मॅडमनी पुन्हा एकदा भिंगातून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सर कहते हैं तो लौकी होगी. बस, एक बार बाहर जाँच करवा लेते हैं. धोने के बाद भी कभी-कभी खून का अंश मिल जाता है. किस जानवर का है, वो भी पता चलता है."

"जाँच की क्या ज़रूरत!" दुबे सर घाईघाईनं उठले. "मैडम ने कहा है तो सही ही होगा. पाँचों सही!"

टाळ्या झाल्या. मायक्रोस्कोप जागेवर राहिला.

लॅब रिकामी झाल्यावर मी पाती पुसून ठेवत होतो. दुबे सर परत आले. दार लोटलं, रुमाल खिशातच ठेवला आणि माझ्या कानाशी आले.

"भैया, ये निशान जाता किससे है? राख से? इमली से?"

"जाता नहीं, सर," मी म्हणालो. "बीस-बीस हज़ार साल रहता है."