गिरजाबाईचा फराळी बार

गिरजाबाईला डाव्या डोळ्यानं आधीच कमी दिसायचं, त्यात उजव्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि वाशीमच्या डॉक्टरांनी साखर वाढलेली पाहून ऑपरेशन दोनदा पुढं ढकललं होतं. शेलूबाजारात भाजी विकणारी ही माझी शेजारीण एव्हाना भेंडीच्या ढिगात मिरच्या रचू लागली होती.

दुसऱ्यांदा परत आली तेव्हा माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "साधना, म्या तं काईच खाल्लं नाई. उपासच होता."

संकष्टी, एकादशी, गुरुवार, शनिवार. बाईचे उपास मोजायला कॅलेंडर लागतं. साबुदाणा डॉक्टरांनी बंद केला, म्हणून पुण्याच्या मुलानं, पवननं, प्रोटीन बारचे खोके पाठवले. खोक्यावर शेंगदाणे आणि खजूर यांचं चित्र. दोन्ही फराळी. अक्षरं दिसत नव्हती, चित्र दिसत होतं.

"दिवसाले किती खाते?" मी विचारलं.

"तीन. कवा चार. लायनेच तं असतात, बोटाएवढे."

बारचं सगळंच वाईट नाही, हेही सांगते. बाजाराला पहाटे निघताना तिला चूल पेटवायची सवड नसते. एक बार खाल्ला की तिला दुपारपर्यंत चक्कर येत नाही, हे मी पाहिलंय. पण जेवणाऐवजी एक खाणं वेगळं, आणि फराळ म्हणून चार खाणं वेगळं. वर पोट साफ होत नाही म्हणून बाईचा इसबगोलही चालू.

मी चष्मा लावला आणि पाकिटाची मागची बाजू वाचू लागले.

"साखर."

"असू दे थोडी."

"ग्लुकोजचा पाक."

"सांगून राह्यली ना, थोडा असंन."

"ओट्स."

"ते काय असते व?"

"धान्य. आपल्या ज्वारीसारखं."

गिरजाबाईनं पाकीट माझ्या हातून ओढून डोळ्याजवळ धरलं. मग हळूच म्हणाली, "मंग माहे उपास?"

"मोडले. सारे."

डोळा जातोय याचं काही नाही, उपासांसाठी मात्र पदर डोळ्याला. मी कपाळाला हात लावला. तिनं तिथूनच पवनला फोन लावला. "कायले पाठवलं रे हे? चार महिन्यांचे उपास बुडवले तुनं." तो बिचारा तिकडून प्रोटीनचे ग्रॅम समजावून राहिला होता.

उरलेले खोके माझ्या कपाटात आले. उपासाला काय खायचं ते मी डॉक्टरांना विचारून आले. बाई दही, काकडी आणि मूठभर दाण्यांवर आली. धाक साखरेचा नव्हता, ओट्सचा होता; पण महिनाभरानं साखर उतरली आणि ऑपरेशन झालं. बाजाराच्या दिवशी अर्धा बार चालेल, पण तो जेवणात धरायचा, असं डॉक्टरांनी बजावलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा मी समोरच उभी होते. गिरजाबाईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता दोन गोड शब्द येतील.

"साधना," ती म्हणाली, "तू इतकी म्हातारी कवा झाली व?"