आक्काला बघायचा होता तो बर्फाचा रस्ता

आक्कानं माझ्याकडं कधीच काही मागितलं नव्हतं. गेल्या संक्रांतीला ती किल्लारीहून लातूरला आमच्याकडे आली होती. माझ्या बायकोच्या मोबाइलवर कुणाच्या तरी सहलीचे फोटो बघता बघता एकदम म्हणाली, "असा रस्ता एकदा बघायचाय रे. दोन्हीकडं बर्फ आन् मधून गाडी."

"जाऊ की," मी लगेच म्हणालो.

भूकंपात आमचं दगड-मातीचं माळवदाचं घर पडलं आणि आई-बाबा गेले, तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि मी चार. काकांनी आधार दिला, पण वाढवलं मला तिनंच. आधी पत्र्याच्या शेडमध्ये आणि मग नव्या गावात. लग्नसुद्धा तिनं गावातच केलं, मला सोडून लांब जायला नको म्हणून. दहावीपर्यंत मी तिच्या सासरी राहिलो. मला आईचा चेहरा आठवत नाही. आईबद्दल विचारलं की आक्का म्हणायची, "झोपेतच गेले दोघं. कळलंसुदिक न्हाई त्यांना." एवढंच. तेच मी पुढं बायकोला सांगितलं. त्यातच समाधान मानत आलो.

त्या संक्रांतीपासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. नांदेडहून अमृतसरची थेट रेल्वे, तिथून मनालीची बस, दोन दिवस थंड हवेची सवय आणि मग तो एक दिवस. त्या दिवसासाठी तिथलीच गाडी आणि तिथलाच ड्रायव्हर करायचा. भल्या पहाटे निघायचं, बोगद्यातून पलीकडं लाहौलमध्ये उतरायचं, नदीच्या कडेकडेनं केलाँग गाठायचं आणि पुढं चढत चढत बारालाचा खिंडीपर्यंत जायचं. हिवाळ्यात बंद पडलेला तो रस्ता उन्हाळ्यात उघडतो, तेव्हा बर्फाच्या भिंती गाडीपेक्षा उंच असतात. आक्काला ते फार आवडलं होतं.

ती फोनवर रोज नवीन काहीतरी विचारायची. "मळमळलं तर थांबवतेत का गाडी?" "तिथं चहा गुळाचा मिळतो का?" धपाटे रेल्वेतच संपवायचे आणि दशम्या त्या दिवसासाठी ठेवायच्या, हेही तिनंच ठरवलं. मी तिचं बीपी तपासून घेतलं. गंजगोलाईच्या बाजारातून तिला बूट घेऊन दिले. आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले तिनं. दुकानात चार पावलं चालली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. दाजी म्हणाले, "ही आता माझं ऐकायची न्हाई."

एप्रिलमध्ये तिकिटं काढायच्या आधी ती पुन्हा लातूरला आली. संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी टीव्हीवर त्याच रस्त्याचा व्हिडिओ लावला. कुणीतरी गाडीच्या पुढच्या काचेतून काढलेला. माझी चार वर्षांची मुलगी खाली फरशीवर रंग काढून बसली होती. नदी आली, पूल आला, आक्का पुढं सरकून बघत होती. मग कातळ खोदून केलेला अरुंद रस्ता आला. पुढच्या गाड्या थांबल्या होत्या. वरून दोन-चार दगड घरंगळत आले, आणि पाठोपाठ सगळी दरडच आली. गडगडाट आणि धूळ. पडदा पांढरा झाला.

मी म्हणणार होतो, असं काही रोज होत नाही. पण वळून बघितलं तर आक्का जागेवर नव्हती. तिनं झडप घालून माझ्या मुलीला उचललं होतं आणि अनवाणी ती दारातून बाहेर पळाली होती. गल्ली ओलांडून समोरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये ती उभी होती. पोरगी घाबरून रडत होती, आणि आक्कानं तिचं डोकं छातीशी घट्ट दाबून धरलं होतं.

बायकोनं हळूच मुलीला सोडवून घेतलं. मी विचारलं, "आक्का, काय झालं गं?"

ती खाली मातीतच बसली. म्हणाली, "आई बोलली होती रे."

"कधी?"

"घर पडल्यावर. आपण दोघं अंगणात झोपलेलो. ती आन् बाबा आत. लगेच न्हाई गेली ती." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "मी दगडं काढत होते हातानं. तर आतून म्हणली, लांब हो. बाळाला घेऊन लांब हो, भिंत येतीय. मी तुला उचललं आन् गेले. गेले रे मी. माणसं घेऊन माघारी आले तर भिंत आलेली."

मी तिचा हात धरला. इतकी वर्षं ती हे एकटी घेऊन वावरत होती, आणि मला मात्र झोपेत गेल्याचं सांगत होती.

"दुसऱ्या रस्त्यानं जाऊ," मी म्हणालो. "जिथं कडे नाहीत अशा."

"तू लेकराला घेऊन जा. मी न्हाई येत."

सकाळी मी गाडीनं सोडतो म्हणालो, पण ती ऐकली नाही. बसनं किल्लारीला गेली. मनालीला मग आम्हीही गेलो नाही. ती येणार नसेल, तर त्या रस्त्यावर मी काय बघणार होतो? बायकोनं सुट्टीत तो विषय काढला नाही.

आता फोनवर आम्ही पावसाचं बोलतो, सोयाबीनचं बोलतो, भाचीच्या नर्सिंगच्या परीक्षेचं बोलतो. एकदाच मला राहवलं नाही. मी विचारलं, "आईचा आवाज कसा होता गं?"

ती म्हणाली, "आठवत न्हाई. आधी आठवायचा. हाका मारायची, वरडायची, सगळं. आता आठवाया गेलं की तेवढंच ऐकू येतं, लांब हो म्हणलेलं. त्याच्या आधीचा आवाज गेला माझ्याजवळचा."

"मग तेवढंच सांग. ती म्हणाली तसं म्हणून दाखव."

तिनं फोन ठेवला नाही. तिच्या घरामागं कुणीतरी पाण्याची मोटार चालू केली होती, ती ऐकत आम्ही दोघं तसेच थांबलो.