गोधडीचा घास

वॉर्डमधून फोन आला तेव्हा माझ्या हातात कात्री होती आणि मांडीवर गोधडी. सकाळचे सव्वानऊ झाले असतील. नर्स फार हळू बोलत होती. इतकं हळू कधी बोलतात ते या वयात कळतं. कुमुद गेली. माझी नणंद, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, लंडनच्या पिनर भागातल्या या घरात बेचाळीस वर्षं माझ्यासोबत राहिलेली. मी नर्सला थँक्यू म्हटलं, फोन ठेवला आणि कात्री डब्यात टाकली. गोधडीच्या मधल्या तुकड्याच्या दोन बाजू उसवून झाल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. उसव, असं कुमुदनेच मला चार दिवसांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हा मी ऐकलं नाही. त्या फोनला आता सात आठवडे झाले. गोधडी तशीच आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तिचा एखादा चांगला फोटो द्या, असा निरोप आला. माझी नात मीरा नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत असते, ती वीकेंडला आली होती. आम्ही दोघींनी कुमुदच्या कपाटातले बुटांचे खोके खाली काढले. चौदा खोके भरून फोटो, आणि एकातही कुमुद नाही. असणार कशी, कॅमेरा कायम तिच्याच हातात. मीराला मात्र दुसरंच काहीतरी दिसलं. "आजी, यातला एकपण गोष्ट फिनिश झालेला नाहीये," ती म्हणाली. खरं होतं. एका बाहीचा स्वेटर, अर्धी सोललेली भिंत, खिडकीत ठेवलेलं लिंबाचं लोणचं पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या आठवड्यात, पाचव्या आठवड्यात. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या टाक्यांचे सहा फोटो. शेवटी अंकाला तिच्या बसपासवरचा फोटो दिला. त्यात ती कुणाला तरी हटकल्यासारखी बघते आहे. तशीच बघायची, त्यामुळे चाललं.

कुमुद काही गोड बाई नव्हती. मीही नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिची नोकरी, आणि लिहून ठेवलं नाही ते झालंच नाही, ही तिथली सवय तिने घरात आणली. ती आमच्याकडे राहायला आली त्या वर्षी आमचे हे स्वयंपाकघरातला जुना वॉलपेपर खरवडत होते. कुमुद नवा कॅमेरा घेऊन आली, तेव्हा यांनी केस नीट केले आणि भिंतीपुढे ऐटीत उभे राहिले. "दादा, तू बाजूला हो. भिंत दिसू दे," ती म्हणाली. हे आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. त्या फोटोत भिंतीशी एक काडेपेटी उभी केलेली आहे. वस्तू केवढी आहे ते कळावं म्हणून ती प्रत्येक फोटोत काडेपेटी ठेवायची. पुढे शेगडी बदलली, घरात काडेपेटीचं काम उरलं नाही, तरी तिने तीच रिकामी पेटी पर्समध्ये ठेवली होती. कोपरे चिकटपट्टीने तीनदा जोडलेले.

फोटोच्या मागे चिठ्ठी चिकटवायची. अक्षर टपोरं, माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईलाही चष्म्याशिवाय वाचता येईल असं. "स्वेटर, पाठ. बगलेपर्यंत. वहिनीचा एक टाका सुटलाय, सांगितलं तर ऐकत नाही." अशा कितीतरी चिठ्ठ्यांत माझा उद्धार आहे. मला या सगळ्याचा वैताग यायचा. कणकेत हात असताना ही ओरडणार, हात तिथंच ठेवा, हलू नका. लोक लग्नाचे, वाढदिवसाचे फोटो काढतात, तू खरकट्या हातांचे काढतेस, असं मी तिला एकदा चिडून म्हटलं. ती काडेपेटी सरळ करत होती. मान वर न करता म्हणाली, "पुरं झालेलं समोर असतंच, वहिनी. मधलं परत दिसत नाही."

तिचं घराबाहेरही हेच. आमच्या रस्त्यावरचं खाटकाचं दुकान बंद झालं तेव्हा माणसं शिडीवर चढून पाटीवरची अक्षरं काढत होती. कुमुद समोरच्या फुटपाथवर पाऊण तास उभी. चार अक्षरं गेली, तीन राहिली, की फोटो. तुम्ही कौन्सिलच्या का, म्हणून दुकानदाराने विचारलं. ही म्हणाली नाही, मी गिऱ्हाईक. मग तो आत गेला आणि तिच्यासाठी चहा घेऊन आला. तिथं नंतर चॅरिटी शॉप झालं, मग कॉफीचं दुकान झालं, आता नखं रंगवतात. तिन्ही वेळा ती हजर होती.

ईलिंगच्या हॉलमध्ये मंडळातल्या बायकांनी एकदा हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं. सगळ्यांनी रुमाल, तोरणं, शाली इस्त्री करून मांडल्या. कुमुदने टेबलावर नुसते फोटो लावले, आणि सगळे अर्ध्या कामाचे. एक-दोन उसवलेल्या कामाचेही. मला तर लाज वाटली, मी लांब चहाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. सेक्रेटरीबाई आल्या, म्हणाल्या, कुमुदताई, फिनिश्ड पीस कुठंय? "तो अंगात घालून वहिनी तिकडे बिस्किटं खातेय," कुमुद म्हणाली. सगळा हॉल माझ्याकडे वळला. पण त्या दिवशी पुण्याहून नोकरीसाठी आलेली एक तरुण मुलगी त्या टेबलापाशी फार वेळ थांबली. उसवलेल्या स्वेटरचा फोटो हातात घेऊन म्हणाली, मला वाटायचं माझंच मध्ये असं बिघडतं… कुमुदने तो फोटो तिला देऊन टाकला. मला कधी एक दिला नाही.

आमचे हे गेले त्यानंतर ती मला अहो वहिनी म्हणायची ती अगं वहिनी म्हणायला लागली. कधी, कसं, ते आठवत नाही. सासूबाईंची दोन लुगडी बॅगेच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून होती. मागच्या हिवाळ्यात ती काढली, त्यात यांचे शर्ट घातले, आणि दोघींनी मिळून गोधडी घातली. आमच्याकडे टाके कडेपासून आत आत येतात, फेऱ्या घेत. मी एका बाजूला, ती समोर. तिचे टाके मोठे, माझे बारीक, यावरून रोज भांडण. प्रत्येक फेरीला काडेपेटी आणि फोटो. मध्यावर पोचलं की वरच्या कापडात लहान फट ठेवायची, त्यातून चिमूटभर तांदूळ आत सोडायचे आणि मग त्यावर एक चौकोनी तुकडा शिवून फट बंद करायची. त्याला गोधडीचा घास म्हणतात. सासूबाई म्हणायच्या, उपाशी गोधडी ऊब देत नाही. तो घास कुमुदला आपल्या हाताने घालायचा होता. आईची लुगडी होती.

शेवटच्या तीन फेऱ्या राहिल्या आणि तिला वॉर्डमध्ये ठेवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. मी घरी आले आणि शिवायला बसले. दिवसभर शिवायचे. फोटो कोण काढणार, काढला नाही. मधला तुकडाही शिवला आणि घास घालायचं विसरले. पन्नास वर्षं हातात सुई असलेल्या बाईने विसरावं असं ते नाही, पण घाई होती. गोधडी टॅक्सीत घालून नेली आणि तिच्या पायांवर पसरली. मला वाटलं, खूश होईल.

तिने हात फिरवला, मध्यावर आणला. बोटांनी चाचपलं. घास असला की तांदूळ लागतात हाताला.

"घास नाही घातलास."

विसरले, मी म्हटलं.

"मधले फोटो?"

नाहीत, म्हटलं. तिने गोधडीवरून हात काढून घेतला. मग म्हणाली, "पुरी करायची एवढी घाई का झाली तुला?"

उत्तर तिला माहीत होतं. तिच्या पायांवर मी ते स्वतःच्या हाताने पसरून ठेवलं होतं.

"उसव," ती म्हणाली. "मधला तुकडा तेवढा. मी आले की घालू."

आणि मी काय म्हटलं? आधी बरी हो, मग बघू. गोधडी घडी करून घरी आणली आणि खुर्चीवर टाकली. ती उसवली असती तर एक काम शिल्लक आहे एवढं तिला कळलं असतं. दुसरं काही ती मागत नव्हती. पुढे रोज भेटायला गेले, तिने पुन्हा विषय काढला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मला राहवलं नाही. कात्री घेतली. आज जाऊन सांगायचं, दोन बाजू उसवल्या म्हणून… तेवढ्यात फोन आला.

मीरा म्हणाली, आजी, तू शिवून टाक आणि अंगावर घे, आत्याआजीला आवडेल. काय आवडेल ते मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात एका दुपारी ऊन आलं तेव्हा मी गोधडी खिडकीशी पसरली. वाटीत तांदूळ घेतले. कुमुदच्या पर्समधून काडेपेटी काढून मधल्या तुकड्याशी उभी केली. तिच्याच फोनने फोटो काढला, त्यात माझा अंगठा आलाय. मीराने तो छापून पाठवला. मागे मी चिठ्ठी लावली. माझं अक्षर तिच्यासारखं नाही, पण वाचता येतं. "गोधडी, मध्य. दोन बाजू उसवल्या, दोन बाकी. वहिनीने ऐकलं, पण उशिरा."

फोटो चौदाव्या खोक्यात सगळ्यांच्या वर ठेवला. वाटी खिडकीतच आहे. तांदूळ मी अजून आत घातलेले नाहीत. घातले की गोधडी पुरी होईल.