आधी पिणारी

त्या दुष्काळात मी नांदूरघाटच्या बाजूला नदीच्या पाण्याचे नमुने घ्यायला गेलो होतो. वरच्या अंगाला एका सहकारी संस्थेचं वराहपालन होतं आणि शेड धुतलेलं पाणी सरळ नदीत यायचं. नदी म्हणजे नुसती वाळू. तिथे एक म्हातारी पाण्यासाठी वाळूत वाटीने झिरा उकरत होती. तिने मुठीत ओली वाळू घेऊन वास घेतला, तोंड वाकडं करून खड्डा बुजवला आणि काठाकडे सरकून दुसरा उकरला. मागे बायका घागरी घेऊन थांबल्या होत्या, पण एकही पुढे होईना.

मी त्या झिऱ्यातून बाटली भरली. म्हणालो, "आजी, तपासणी होईपर्यंत पिऊ नका."

"कवा कळंल?"

"आठ दिवसांनी."

"तवर लेकरांला वाळू चारू का?" तिने वाटीभर पाणी घटाघटा प्यायलं आणि पदराने तोंड पुसून खाली बसली. "मला काय झालं न्हाई, तर भरतील समद्या. माजं लई जगून झालंय."

रोज सकाळी ती असंच करते, असं एका बाईने सांगितलं. मला माझ्या बाटलीकडे बघवेना.

अहवाल आठव्या दिवशी आला. पाणी पिण्यालायक होतं. खाली सही माझी होती. पण तोवर आठ सकाळी ते पाणी तिने स्वतःच्या पोटात घालून तपासलं होतं.