रामभाऊ मास्तर आणि हायडांची पेटी

सांगलीला रामभाऊ मास्तरांच्या चित्रकलेच्या वर्गात मी प्रथम गेले ती यंत्रांचे नकाशे काढायला शिकण्यासाठी. त्यांनी मला गिरवायला दिला एक देवमासा. पहिल्या महायुद्धात मास्तर पलटणीबरोबर विलायतेला गेले होते. तेथील एका संग्रहालयात पाहिलेली हायडा लोकांची चित्रे त्यांनी वहीत उतरवून आणली होती. हे लोक कॅनडाच्या पश्चिमेकडील बेटांवर राहतात. मी पट्टी आणि कंपास घेऊन सगळ्या रेघा एकाच जाडीच्या काढल्या. मास्तर म्हणाले, "मोजमाप बिनचूक आहे पोरी. मासा तेवढा मेला." हायडांची रेघ वळणावर भरते, टोकाला निमुळती होते आणि मध्येच तुटत नाही. हे हाताला कळायला मला तीन आठवडे लागले.

हायडांची लाकडी पेटी याहून अवघड. चारही बाजू एकाच फळीच्या. तीन ठिकाणी खाचा पाडून, वाफ देऊन फळी वाकवायची आणि चौथा कोपरा भोके पाडून दोरीने शिवायचा. मास्तरांनी ती आष्ट्याच्या इमामभाई सुतारांबरोबर करायला घेतली. पहिल्या दोन फळ्या मोडल्या.

"आवं मास्तर, सागवान हाय ह्ये, चपाती न्हाई," इमामभाई म्हणाले.

"वाफ कमी पडते आहे. गुऱ्हाळावर चला."

"आन् मालकानं इचारलं तर?"

"सांगा, मास्तर पेटी उकडतोय."

गुऱ्हाळाच्या काहिलीत पाणी उकळून, वर ओले गोणपाट टाकून तिसरी फळी वाफवली. ती वाकली. देवमासा मास्तरांनी रेखला, इमामभाईंनी कोरला. तळाशी नाव घातले ते एकट्या इमामभाईंचे. तसा मास्तरांचा आग्रह होता.

त्याच वर्षी मास्तरांच्या शाळेतल्या नोकरीची मुदतवाढ ठरायची होती. त्यांच्या दोन मुली अजून शिकत होत्या. पेटी शाळेच्या प्रदर्शनात मांडली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिच्यापुढे पाटी लावायला सांगितली: 'रानटी लोकांची नष्ट झालेली कला'.

मास्तर म्हणाले, "नष्ट झालेली नाही, साहेब. तिकडच्या सरकारने कायदा करून त्यांचे समारंभ बंद पाडले, मुखवटे उचलून नेले. तरी म्हातारे अजून कोरतात, पोरांना शिकवू पाहतात. संग्रहालयाने मला तसे पत्राने कळवले आहे. आणि रानटी कोण, ते पेटी करून बघितल्यावर बोलू."

"पाटी लावा, नाहीतर शिफारस विसरा."

"विसरलो," मास्तर म्हणाले आणि पेटी उचलून बाहेर पडले.

मुदतवाढ मिळाली नाही. पेटी इमामभाईंच्या दुकानापुढच्या बाकावर तीन दिवस होती. शिराळ्याहून, पलूसहून सुतार येऊन कोपरे चाचपून गेले. त्यांतील दोघे पुढे मास्तरांच्या घरी शिकायला येऊ लागले.

मास्तरांच्या एकसष्टीच्या या गौरवग्रंथात हा प्रसंग नको, असे ग्रंथाच्या समितीतील काहींनी मला सुचवले. मी तो गाळलेला नाही. मास्तर आजही सकाळी दोन तास वाकस चालवून लाकूड तासतात. त्यांना निरोगी शंभर वर्षे लाभोत. ते कोणापुढे वाकत नाहीत हे ज्यांना खुपते, त्यांना ही वर्षे फार लांब वाटोत.